मशीनशिवाय सॉर्बे: ढवळणं कमी, मोजणं जास्त

सॉर्बे हवं म्हणून तुम्ही केलंत ते असं: अर्धा किलो स्ट्रॉबेरी, 200 ग्रॅम पाण्यात 60 ग्रॅम साखरेचा पाक, सगळं मिक्सरमधून काढून फ्रीजरमध्ये. दर अर्ध्या तासाने काटेचमच्याने ढवळलंत, रात्री उशिरापर्यंत जागलात आणि सकाळी डब्यात गुलाबी वीट निघाली. आता विचारताय की आइस्क्रीमचं मशीन घ्यावं का.

निदान या कारणासाठी तरी घेऊ नका. हेच मिश्रण मशीनमध्ये घातलं असतं, तर यंत्रातून काढताना ते मऊ दिसलं असतं आणि रात्रभर फ्रीजरमध्ये राहिल्यावर त्याचीही वीटच झाली असती. गोठवलेले गोड पदार्थ करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. या काळात मशीन नसल्यामुळे बिघडलेली सॉर्बे मी मोजकीच पाहिली. साखर अंदाजाने घातल्यामुळे बिघडलेली मात्र ढिगाने पाहिली आणि त्यातली काही माझीच होती.

सॉर्बे म्हणजे फळाचा गर, साखर, थोडं आंबट आणि पाणी. दूध नाही, साय नाही, अंडं नाही. (आपला ‘सरबत’ हा शब्द आणि ‘सॉर्बे’ हा शब्द एकाच अरबी मुळातून आले आहेत. एक फारसीतून आपल्याकडे आला, दुसरा तुर्की, इटालियन आणि फ्रेंचमधून फिरून.) आइस्क्रीममधला स्निग्धांश पुष्कळ चुका पोटात घालतो. सॉर्बेत ती सोय नाही. इथे मऊपणा जवळजवळ सगळा साखरेवर उभा असतो, म्हणून साखर इथे फक्त गोडीसाठी आहे असं समजलं की गणित चुकतं.

पाणी शून्य अंशांना गोठतं. त्यात साखर विरघळली की गोठण्याचा बिंदू खाली सरकतो. 27 टक्के साखरेचं मिश्रण साधारण उणे 2 अंशांच्या आसपास गोठायला लागतं. पण गोठताना पाणीच तेवढं बर्फ होतं, साखर बाहेर राहते. त्यामुळे उरलेला पाक घट्ट घट्ट होत जातो आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो. घरचा फ्रीजर उणे 18 अंशांच्या आसपास असतो. त्या तापमानालाही सॉर्बेतलं काही पाणी बर्फ झालेलं नसतं. दाट पाकाच्या रूपात ते बर्फाच्या कणांमधून पसरलेलं असतं. चमचा आत जातो तो या पाकामुळे. ठरावीक तापमानाला या पाकाचा दाटपणाही ठरलेला असतो, म्हणून साखर निम्मी केली की न गोठलेला पाकही निम्माच उरतो. त्याची जागा बर्फ घेतो.

आता तुमचं मिश्रण मोजू. स्ट्रॉबेरीत साधारण 7 टक्के साखर धरा, म्हणजे अर्ध्या किलोत 35 ग्रॅम. तुमची 60 मिळवली की 95. एकूण वजन 500 अधिक 200 अधिक 60, म्हणजे 760 ग्रॅम. 95 भागिले 760 केलं की साडेबारा टक्के येतात. मऊ सॉर्बेला एकूण साखर 25 ते 30 टक्क्यांमध्ये लागते. मी घरच्यासाठी 27 धरतो. तुम्ही निम्म्यावरही पोचला नव्हतात. मग काटेचमचा बिचारा काय करणार!

यात नजरेतून निसटणारी गोष्ट म्हणजे ते कपभर पाणी. 200 ग्रॅम पाणी 27 टक्क्यांवर आणायला सुमारे 75 ग्रॅम साखर लागते. म्हणजे ज्या पाण्याने चव पातळ केली, त्याच पाण्याला मऊ ठेवण्यासाठी पाऊण वाटीच्या घरात जादा साखर ओतायची. पाणी घातलंच नसतं, तर अर्धा किलो स्ट्रॉबेरीला वरून 137 ग्रॅम साखर पुरली असती. गोड कमी हवं असेल तर आधी पाणी कमी करा, साखर नंतर. ज्या फळाचा गर मुळातच ओला आहे त्याला पाक कशाला हवा? साखर थेट फळावर घाला आणि अर्धा ते एक तास झाकून ठेवा. फळ स्वतःच रस सोडतं आणि साखर त्यात विरघळते. मग मिक्सर. गरम पाक फळावर ओतणं तर टाळाच. ताज्या फळाचा वास जातो आणि जॅमची चव उरते.

हिशेबाची रीत एकदा समजून घेतली की कोणतंही फळ चालतं. गराचं वजन करा. त्याच्या 27 टक्के काढा, त्यातून फळातली मूळची साखर वजा करा आणि उरलेल्याला 0.73 ने भागा. जे येईल तेवढी साखर वरून घालायची. 0.73 ने भागायचं कारण साधं आहे: साखर घातली की एकूण वजनही वाढतं. पिकलेल्या आंब्यात साधारण 15 टक्के साखर असते, म्हणून 500 ग्रॅम गराला 80 ग्रॅमच्या आसपास पुरते. अननसात 12 धरली तर 100 ग्रॅम. संत्र्याच्या रसात 10 धरली तर 115. कलिंगडात 8 धरली तर 130. गोड द्राक्षांत 17 धरली तर 70सुद्धा पुरे. द्राक्षांतली साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आहे, आणि या साखरा वजनाला वजन घेतल्या तर साध्या साखरेच्या जवळजवळ दुप्पट गोठणबिंदू खाली नेतात. म्हणून द्राक्षाचं सॉर्बे त्याच टक्केवारीला जास्त मऊ राहतं. लिंबू हा वेगळाच प्राणी. त्यात साखर जवळपास नाहीच, आणि नुसत्या रसाचं सॉर्बे कुणी खाऊ शकणार नाही. तिथे पाणी लागतंच: 150 ग्रॅम रस, 350 ग्रॅम पाणी, 180 ग्रॅम साखर.

हे आकडे सरासरी आहेत. फळ पिकण्यावर ते वरखाली होतात, म्हणून जीभही वापरा. फ्रीजमध्ये गार केलेलं मिश्रण चाखताना ‘जरा जास्तच गोड झालंय’ असं वाटायला हवं. थंडीत गोडीची जाणीव बोथट होते. आता अगदी बेताचं लागणारं मिश्रण गोठल्यावर फिकं लागतं. गोडी टोचत असेल तर साखर काढू नका, लिंबाचा रस घाला. अर्ध्या किलोला एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिली, इथून सुरुवात करा. चिमूटभर मीठही घाला. मीठ जाणवणार नाही, फळ मात्र जास्त फळासारखं लागेल.

वजनकाटा नसेल तर अंड्याची जुनी युक्ती आहे. स्वच्छ धुतलेलं ताजं अंडं कवचासकट गार मिश्रणात सोडायचं. साखर कमी असेल तर ते बुडतं. प्रमाण जमलं की तरंगतं आणि कवचाचा मोठ्या नाण्याएवढा भाग वर दिसतो. त्याहून जास्त दिसला तर साखर जास्त झाली, थोडा रस किंवा पाणी घाला. ही युक्ती पातळ रसाला छान लागू पडते: लिंबू, संत्रं, कलिंगड, गाळलेली द्राक्षं. आंब्याच्या दाट गरात मात्र अंडं दाटपणामुळेच अडकून बसतं आणि खोटं सांगतं.

आता गोठवणं. मशीन दोन कामं एकाच वेळी करतं: मिश्रण झपाट्याने थंड करतं आणि भिंतीवर धरणारा बर्फ सतत खरवडतं. त्यामुळे बर्फाचे कण बारीक राहतात. जिभेला साधारण 50 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढचा कण करकरीत लागायला लागतो. घरच्या फ्रीजरमध्ये गोठणं संथ असतं, आणि संथ गोठलं की कण मोठे होतात. दर अर्ध्या तासाने ढवळणं ही या यंत्राची नक्कल आहे, पण फार दुबळी. दोन ढवळण्यांच्या मधल्या अर्ध्या तासात स्फटिक निवांत वाढत असतात. शिवाय प्रत्येक वेळी दार उघडलं की फ्रीजर गरम होतो, हे वेगळंच. या पद्धतीने मिळतं ते खरं तर ग्रानिता, म्हणजे खरवडलेल्या बर्फाचा रवाळ सिसिलियन प्रकार. लिंबाचा किंवा कलिंगडाचा ग्रानिता मला स्वतःला फार आवडतो आणि त्याला साखरही कमी लागते. पण तुम्हाला सॉर्बे हवं होतं.

मी घरी उलट क्रमाने करतो. आधी पूर्ण गोठू द्यायचं, मग फोडायचं. मिश्रण फ्रीजमध्ये निदान चार तास, जमलं तर रात्रभर, गार करा. मग झिपच्या जाड पिशवीत भरून हवा काढा आणि पिशवी धातूच्या ताटावर आडवी ठेवा. थर दीड-दोन सेंटीमीटरपेक्षा जाड नको. पातळ थर आणि धातूचा तळ, दोन्हींमुळे गोठणं लवकर होतं. पिशवी नसेल तर पसरट ताटली चालेल. बर्फाचे ट्रेसुद्धा चालतात, पण चौकोनी तुकडे मिक्सरला जड जातात. पाचसहा तासांत पातळ लादी तयार होते. ती हाताने मोडून तुकडे करा, पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि फूड प्रोसेसरमध्ये थांबून थांबून फिरवा. आधी भुगा होईल, मग वाळूसारखं दिसेल आणि वाटेल की बिघडलं. थांबू नका. कडेचं खाली ढकलत आणखी फिरवलं की एकदम गोळा धरतो आणि रंग फिकट होतो. रंग फिकटला म्हणजे आत हवा शिरली. इथेच हात थांबवायचा.

साधा मिक्सर असेल तर तुकडे लहान करा, भांडं भरू नका आणि पाच सेकंदांच्या झटक्यांनी फिरवा. एकसलग फिरवलं तर मोटार तापते आणि खालचं वितळतं. भांडं आणि पातं आधी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवलेलं असू द्या. ज्यात साठवणार तो डबासुद्धा.

थंड भांड्याचा एवढा आग्रह का, तेही सांगतो, कारण इथेच लोक घसरतात. पात्याने मोठे स्फटिक फुटून बारीक कणांची प्रचंड संख्या तयार होते. दुसऱ्यांदा फ्रीजरमध्ये गेल्यावर जे पाणी गोठतं ते याच कणांवर थरासारखं बसतं. कण खूप असले तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच पाणी येतं आणि सगळे बारीक राहतात. पण फिरवताना अर्धं वितळून गेलं तर आधी नाहीसे होतात ते बारीक कणच. उरतात थोडे मोठे, आणि सगळं पाणी त्यांच्यावर बसतं. म्हणून मिक्सरमधून निघालेलं मिश्रण चमच्यावर उभं राहील इतकं घट्ट हवं, ओतता येईल असं नको. ते लगेच गार डब्यात दाबून भरा आणि दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवा. झालं.

लगेच खायचं असेल तर आणखी सोपा रस्ता आहे. फळाच्या फोडी सुट्या सुट्या गोठवायच्या आणि ऐनवेळी पिठीसाखर, लिंबू आणि दोन-तीन चमचे गार रस घालून प्रोसेसरमध्ये फिरवायच्या. असं सॉर्बे ताजं, मऊ असतानाच वाढतात, त्यामुळे 20-22 टक्के साखर पुरते. अर्धा किलो स्ट्रॉबेरीला 100 ग्रॅम. मात्र उरलं तर डब्यात ठेवून दुसऱ्या दिवशी तसंच मिळेल अशी अपेक्षा नको.

आणि वीज गेली, किंवा मुलांना कामाला लावायचं असेल, तर बर्फ आणि मीठ. वजनाने तीन भाग फोडलेला बर्फ, एक भाग जाडं मीठ. मोठ्या टबात हे घालून त्यात पातळ स्टीलचं भांडं रुतवा आणि आत गार मिश्रण ओता. रबरी उलथन्याने भिंतीवर धरलेला थर सतत खरवडत राहा. मीठ आणि बर्फाचं मिश्रण सिद्धांताने उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं. घरी उणे 10 ते 15 मिळालं तरी पुष्कळ. तेवढ्यानेही ते फ्रीजरपेक्षा लवकर गोठवतं, कारण फ्रीजरमधली हवा उष्णता फार हळू ओढते आणि खारं पाणी धातूला चिकटून झपाट्याने ओढतं. अर्ध्या तासात दाट सॉर्बे होतं. हाताने फिरवायच्या यंत्राचं अमेरिकन पेटंट 1843 मधलं, नॅन्सी जॉन्सन यांचं. त्याआधी हा पदार्थ लोक असाच, भांडं बर्फात रुतवून आणि हाताने खरवडून करत होते. हातमोजे घाला, त्या खाऱ्या बर्फाने बोटं खरोखर भाजल्यासारखी होतात. आणि भांड्याची कड पाण्याच्या बरीच वर राहू द्या. एकदा माझ्या भांड्यात चमचाभर खारं पाणी शिरलं आणि तीन लिटर मिश्रण फेकावं लागलं.

फळांबद्दल थोडं. आंबा सगळ्यांत सोशिक. गर दाट असतो, तंतू आणि पेक्टिन पाणी धरून ठेवतात, पहिल्यांदा करणाऱ्याने आंब्यानेच सुरुवात करावी. स्ट्रॉबेरी, रासबेरी गाळून घ्या, बिया दाताखाली येतात. किवीच्या बिया मिक्सरमध्ये फुटल्या की कडवट झाक येते, म्हणून किवी हाताने कुस्करा. लिंबू-संत्र्याची साल किसताना पांढऱ्या भागापर्यंत जाऊ नका. साल कोमट पाकात पंधरा मिनिटं ठेवून गाळली की रसापेक्षा जास्त सुगंध सालीतून मिळतो. सफरचंद आणि पेअर कच्चे वाटले की काळे पडतात, लिंबू घालून आधी शिजवा.

कलिंगड सगळ्यांत हट्टी आहे. नुसतं पाणी, गर असा नाहीच. साखर बरोबर घातली तरी पोत भुसभुशीत होतो. त्यात थोडा स्ट्रॉबेरीचा गर मिसळला की आधार मिळतो. केळंही अंग देतं, पण अर्धं केळं पडलं की ते केळ्याचंच सॉर्बे होतं.

अंग देण्यासाठी काही जण जिलेटिन वापरतात. ताजं अननस, किवी किंवा पपई असेल तर पैसे वाया गेले समजा. या फळांतली विकरं (एन्झाइम) जिलेटिनचं प्रथिन तोडून टाकतात. फळ शिजवलं तर विकर मरतं, पण मग ताजेपणाही मरतो. त्यापेक्षा एकूण साखरेचा पाचवा ते चौथा हिस्सा लिक्विड ग्लुकोजने बदला. ते साखरेइतकं गोड नसतं, मिश्रणाला दाटपणा देतं आणि पोत गुळगुळीत ठेवायला मदत करतं. मध चालतो, पण त्याची चव नाजूक फळावर बसते. पाककृतींत हमखास दिसणारा चमचाभर व्होडकाही काम करतो, कारण मद्यार्क गोठणबिंदू जोरात खाली खेचतो. अर्ध्या किलोला एक मोठा चमचा ही मर्यादा. जास्त झालं तर सॉर्बे धरणारच नाही. माझ्या मते साखर नीट मोजली असेल तर त्याची गरजच पडत नाही, आणि चुकली असेल तर ही मलमपट्टी आहे. स्टीव्हियासारखी गोडी साखरेऐवजी घातली तर जीभ फसते, बर्फ फसत नाही. ती इतकी थोडी लागते की गोठणबिंदूवर तिचा परिणाम होतच नाही.

साठवताना प्लास्टिकचा पापुद्रा सॉर्बेच्या पृष्ठभागाला चिकटवून मग झाकण लावा, म्हणजे वर हिम धरत नाही आणि फ्रीजरचा वास लागत नाही. डबा दारात नको, मागे ठेवा. दार उघडबंद होताना, किंवा आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीजर असेल तर त्याच्या फेऱ्यांत, तापमान हलतं. प्रत्येक वेळी बारीक कण वितळतात आणि ते पाणी मोठ्या कणांवर जाऊन बसतं. आठवडाभरात फरक कळतो. मग चव बरी असते, पोत नाही. वाढण्याआधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये काढून ठेवा.

आता तुमच्या त्या विटेचं. फेकू नका. डबा फ्रीजमध्ये ठेवून वितळू द्या, ओट्यावर नको. 760 ग्रॅम मिश्रणाला 27 टक्क्यांवर आणायला आणखी 150 ग्रॅम साखर लागेल. ती पाण्यात नाही, वितळलेल्या मिश्रणातच ढवळून विरघळवा. मग दीड मोठा चमचा लिंबाचा रस, चिमूट मीठ, आणि चाखा. पाण्यामुळे स्ट्रॉबेरीची चव पातळ वाटेल. घरात आणखी थोडी फळं असतील तर 200 ग्रॅमचा गर 55 ग्रॅम साखरेसह मिसळा. प्रमाण बिघडणार नाही. मग चार तास फ्रीजमध्ये, पिशवीत पातळ थर, ताटावर आडवा. रात्री झोपा. ढवळायला उठू नका.